चौथे उपकलम पडले, खुर्ची राहिली

११ ऑगस्ट १९७५, सोमवार. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामात पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे अपील होते, त्यांची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाविरुद्धचे. समोर राजनारायण, जे तेव्हा तुरुंगात होते. कागदपत्रे तयार, वकील तयार, पण ज्या प्रश्नावर वाद व्हायचा तो प्रश्नच आधीच्या चार दिवसांत कोणीतरी उचलून नेला होता.

गुरुवारी लोकसभेत घटनादुरुस्तीचे विधेयक आले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. शुक्रवारी राज्यसभा. शनिवारी राज्यांच्या विधानसभांनी घाईने बैठका घेऊन संमती दिली. तो ९ ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडचा क्रांतिदिन, हा योगायोग कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. रविवारी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही. आपल्याकडे साध्या सातबाऱ्यावरची नोंद बदलायला याहून जास्त दिवस लागतात. इथे चार दिवसांत राज्यघटना बदलली, आणि तीही सुट्टीच्या दिवशी काम करून.

ही ३९वी घटनादुरुस्ती. न्यायालय राज्यघटनेचे रक्षण कसे करते, हे शिकवताना केशवानंद भारती खटल्याचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण १९७३ च्या त्या निकालात सांगितलेले तत्त्व, म्हणजे घटनेची मूलभूत संरचना संसदेलाही मोडता येत नाही हे, हत्यार म्हणून पहिल्यांदा बाहेर निघाले ते या प्रकरणात. शिवाय या प्रकरणात एक गाठ आहे, जी केशवानंदमध्ये नाही. न्यायालयाने घटनादुरुस्तीचे कलम रद्द केले आणि ज्या व्यक्तीसाठी ते कलम केले होते, तिचे अपीलही मंजूर केले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच निकालात.

रायबरेलीतले व्यासपीठ

मूळ भांडण १९७१ च्या लोकसभा निवडणुकीचे. रायबरेलीत इंदिरा गांधी एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या. समाजवादी राजनारायण हरले आणि त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. आरोप भरपूर होते: मतदारांना घोंगड्या, धोतरे आणि दारू वाटली, मतदारांची फुकट ने-आण केली, हवाई दलाची विमाने वापरली, गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह घेतले, ३५,००० रुपयांची खर्चमर्यादा ओलांडली. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी यातले बहुतेक सगळे आरोप फेटाळले. १२ जून १९७५ च्या निकालात टिकले ते दोनच मुद्दे, आणि तेही वाचताना ऐतिहासिक वगैरे अजिबात वाटत नाहीत.

पहिला मुद्दा सभांच्या व्यवस्थेचा. पंतप्रधानांच्या सभांसाठी व्यासपीठ उभारणे, ध्वनिक्षेपकाला वीज पुरवणे ही कामे उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांकडून करून घेतली. दुसरा मुद्दा यशपाल कपूर यांचा. ते पंतप्रधान सचिवालयात विशेष कार्य अधिकारी होते. त्यांनी १३ जानेवारी १९७१ ला राजीनामा दिला. तो १४ जानेवारीपासून स्वीकारल्याचे सरकारने कळवले, पण ते पत्रक निघाले २५ जानेवारीला. मग २५ तारखेपर्यंत कपूर सरकारी नोकर होते की नव्हते? न्यायमूर्ती सिन्हा म्हणाले, होते. आणि सरकारी नोकराची मदत घेणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) खाली भ्रष्ट आचरण.

पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा होता: जानेवारीत इंदिरा गांधी ‘उमेदवार’ होत्या का? अर्ज तर त्यांनी १ फेब्रुवारीला भरला. तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे मात्र निवडणूक जवळ आल्यावर जो स्वतःला भावी उमेदवार म्हणवतो, तोही उमेदवारच. २९ डिसेंबर १९७० च्या पत्रकार परिषदेत त्यांना विचारले गेले होते की तुम्ही रायबरेली सोडून गुरगावला जाणार, असे विरोधक म्हणतात. त्यांनी एका ओळीत उत्तर दिले: नाही, मी जाणार नाही. उच्च न्यायालयाने या एका ओळीवरून ठरवले की त्या दिवसापासून त्या उमेदवार होत्या.

निवडणूक रद्द आणि सहा वर्षांसाठी अपात्रता. ‘वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल पंतप्रधानाला घरी पाठवण्यासारखे’ हे तेव्हाचे बहुतेकांनी ऐकलेले शेरे. मला ते पटत नाहीत, पण अगदीच निराधारही वाटत नाहीत. दोष तांत्रिक होता हे खरे. पण निवडणुकीचा कायदा तांत्रिकच असतो, आणि नगरपरिषदेच्या सदस्याला त्याच तांत्रिक कारणाने घरी पाठवताना कोणी हळहळत नाही.

सिन्हा यांनीच अपिलासाठी २० दिवसांची स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती. सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे इंदिरा गांधींतर्फे मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले, राजनारायण यांच्यातर्फे शांतिभूषण. २४ जूनच्या आदेशात पूर्ण स्थगिती मिळाली नाही. पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बसा, बोला, पण खासदार म्हणून मत देऊ नका आणि मानधन घेऊ नका, असा तो आदेश. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. पालखीवालांनी वकीलपत्र परत केले.

‘मानले जाईल’

आता कलम ३२९-अ. ३९व्या दुरुस्तीने ते घटनेत घातले. दुरुस्ती मांडली कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी. गोखले मुंबईचे खासदार आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. म्हणजे मसुद्याचा अर्थ काय होतो, हे न समजणारा माणूस नव्हे.

पहिल्या तीन उपकलमांत पुढची सोय होती: पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्ष यांच्या निवडीबद्दलचा वाद न्यायालयात न जाता संसद ठरवेल त्या वेगळ्या यंत्रणेपुढे जाईल. चूक की बरोबर ते बाजूला ठेवू. खरा मुद्दा चौथ्या उपकलमाचा. ते मी शब्द न शब्द देत नाही, पण त्याची वीण सांगतो, कारण सगळे प्रकरण त्या विणीत आहे.

आधी ते म्हणते, या दुरुस्तीपूर्वीचा निवडणूक याचिकांबद्दलचा कोणताही कायदा अशा व्यक्तीच्या निवडीला लागू होणार नाही, आणि तो कधी लागू होता असेही मानले जाणार नाही. मग म्हणते, अशी निवड त्या कायद्याखालच्या कोणत्याही कारणाने रद्द झाली असे मानले जाणार नाही. आणि शेवटी: कोणत्याही न्यायालयाने ती रद्द ठरवली असली तरी ती सर्व प्रकारे वैधच राहील, आणि त्या न्यायालयाचा आदेश आणि त्याचे निष्कर्ष हे आधीपासूनच निष्प्रभ होते असे मानले जाईल. पाचव्या उपकलमात, प्रलंबित अपील असेल तर ते चौथ्याला धरून निकाली काढा.

‘मानले जाईल’ हा कायद्यातला नेहमीचा शब्द आहे. दत्तक मूल हे त्या घरात जन्मले असे मानले जाते, आणि त्यात वावगे काही नाही. पण इथे मानण्यावर मानणे चढवले आहे. कायदा नव्हता असे माना. म्हणून दोष नव्हता असे माना. म्हणून निकालही नव्हता असे माना. हे कलम मोठ्याने वाचून दाखवले की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हसतेच, आणि मग विचारते की यात नाव का नाही. नावाची गरजच नव्हती. त्या वेळी देशात या कलमात बसणारा प्रलंबित खटला एकच होता.

त्याच दुरुस्तीने ३८ कायदे नवव्या अनुसूचीत टाकले, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून ते दूर गेले. त्यांत लोकप्रतिनिधित्व कायदा होता, आणि ‘मिसा’ही, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदाही, होता. शिवाय राज्यसभेने त्याच शनिवारी आणखी एक विधेयक मंजूर केले: राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपाल यांच्यावर फौजदारी कारवाई आयुष्यभर होणार नाही. ते लोकसभेत कधी गेलेच नाही. कुणाला तरी लाज वाटली असावी, एवढेच म्हणता येते.

पाच न्यायमूर्ती

पीठ पाच जणांचे: सरन्यायाधीश ए. एन. राय, हं. रा. खन्ना, के. के. मॅथ्यू, एम. एच. बेग आणि पुण्याचे य. वि. चंद्रचूड.

इथे थोडे थांबायला हवे. केशवानंदचा निकाल ७ विरुद्ध ६ असा होता. घटना बदलता येते, पण तिची मूलभूत संरचना मोडता येत नाही, हे बहुमताचे म्हणणे. या पाचांतले फक्त खन्ना त्या बहुमतात होते. राय, मॅथ्यू, बेग आणि चंद्रचूड हे चौघे अल्पमतात होते. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असे त्यांनी दोनच वर्षांपूर्वी लिहिले होते. राय तर तीन ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश झालेले. बाहेर आणीबाणी, विरोधी नेते आत, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. सरकारला याहून अनुकूल पीठ मागूनही मिळाले नसते, असे कोणालाही वाटले असते.

शांतिभूषण यांनी दोन बाजूंनी हल्ला केला. एक, संसदेचे अधिवेशनच बेकायदा, कारण सदस्य तुरुंगात होते. हे न्यायालयाने ऐकले नाही. सभागृहाच्या कामकाजात शिरणार नाही, म्हणाले. दुसरा मुद्दा मूलभूत संरचनेचा. सरकारतर्फे महान्यायवादी निरेन डे यांचे उत्तर असे की घटनादुरुस्ती हा सार्वभौम अधिकार आहे; तो वापरून संसद न्यायदानाचे कामही करू शकते.

७ नोव्हेंबर १९७५ ला निकाल आला. चौथे उपकलम पडले.

पाडण्याची कारणे मात्र प्रत्येकाची वेगळी. राय यांचा रोख निकषावर होता: निवड वैध ठरवताना कोणता कायदा लावला, कोणती मोजपट्टी वापरली, हे कुठेच नाही. खन्ना यांनी सरळ वाट धरली: लोकशाही हा घटनेचा पाया, मुक्त आणि न्याय्य निवडणुका हा लोकशाहीचा पाया, आणि निवडणुकीचा वाद निःपक्ष यंत्रणेने सोडवला नाही तर दोन्ही ढासळतात. मॅथ्यू म्हणाले, वादातली तथ्ये तपासून, कायदा लावून निर्णय देणे हे न्यायदान. इथे तथ्ये तपासलीच नाहीत, नुसता हुकूम दिला. बेग यांनी वेगळाच मार्ग काढला: अपिलाचा गुणदोषांवर विचार करायला हे कलम आड येत नाही, असा त्याचा अर्थ लावून ते पुढे गेले.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते चंद्रचूड यांचे निकालपत्र. कारण त्यांचा मूळ विरोध ‘मूलभूत संरचना’ या कल्पनेलाच होता. पण केशवानंदचा निकाल आता कायदा आहे आणि तो मानायलाच हवा, इथून त्यांनी सुरुवात केली. मग म्हणाले की हे तत्त्व हवेत पारखायचे नसते. समोरच्या प्रश्नाला ते लावून बघायचे असते. आणि लावून बघितले तर दिसते की ठरावीक पदांवरच्या माणसांना कायद्याच्या बाहेर काढले आहे, ही समानतेची सरळ सरळ पायमल्ली आहे आणि राज्य कायद्याचे असते, माणसांचे नसते, या तत्त्वाची पण. हरलेल्या बाजूचा न्यायाधीश जेव्हा जिंकलेल्या बाजूचे तत्त्व लावतो तेव्हा ते तत्त्व खरे रुजते. सात जणांचे मत सेवानिवृत्तीबरोबर पुसले जाऊ शकले असते. त्या दिवसानंतर ते सोपे राहिले नाही.

सरकारने प्रयत्न केलाच. तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, केशवानंदचा फेरविचार करायला १३ न्यायमूर्तींचे पीठ बसले. पालखीवाला आता समोरच्या बाजूला. फेरविचाराची मागणी कोणी केली, याचेच समाधानकारक उत्तर मिळेना. १२ नोव्हेंबरला राय यांनी पीठ विसर्जित केले.

मागचे दार

इथपर्यंतची गोष्ट अभ्यासक्रमात असते. पुढची सहसा एका ओळीत उरकतात.

घटनादुरुस्तीच्या आदल्याच दिवशी, ६ ऑगस्टला, निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली होती. साधा कायदा, संसदेच्या साध्या बहुमताचा, आणि पूर्वलक्षी प्रभावाने. त्यात काय होते ते बघा. उमेदवार म्हणजे ज्याचे नामनिर्देशन झाले आहे तोच. ‘भावी उमेदवार’ हा भाग वगळला. सरकारी नोकराने आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून उमेदवारासाठी केलेली व्यवस्था ही मदत मानली जाणार नाही. राजीनामा कोणत्या तारखेपासून लागू झाला, हे राजपत्रात छापले की तो अंतिम पुरावा. आणि निवडणूक आयोगाने दिलेले चिन्ह धार्मिक चिन्ह मानले जाणार नाही.

पहिल्या अटीने गुरगावचे उत्तर निकालात निघाले. दुसऱ्या अटीने व्यासपीठ आणि वीज. तिसरीने कपूर यांचा १४ की २५ जानेवारी हा घोळ. चौथीने गाय-वासरू. या खटल्यातला एक एक खिळा मोजून काढला होता.

राजनारायण यांचे म्हणणे होते की सामना संपल्यावर नियम बदलले. न्यायालयाचे उत्तर: ही दुरुस्ती एका व्यक्तीपुरती नाही, सगळ्या उमेदवारांना लागू आहे, निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी बदल याआधीही झालेले आहेत, आणि साध्या कायद्याला मूलभूत संरचनेची कसोटी लागत नाही, असे पीठातल्या अनेकांनी सांगितले. दुरुस्त केलेला कायदा लावला की दोन्ही दोष उरत नव्हते. अपील मंजूर. अपात्रता रद्द.

म्हणजे चौथे उपकलम नसते तरी निकाल तोच लागला असता. ते पाडायला न्यायालयाला त्या दिवशी काहीच किंमत मोजावी लागली नाही. पंतप्रधानांची खुर्ची मागच्या दारातून आधीच सुरक्षित झाली होती, म्हणून पुढचे दार लावून घेता आले.

यावरून दोन टोकाची मते निघतात. एक म्हणते, हे धाडस नव्हेच, सोयीचा सौदा होता. दुसरे म्हणते, न्यायालय असेच शहाणपणाने वागते. आज जे जपता येईल ते जपते आणि उरलेले उद्यावर सोडते. मी बरीच वर्षे दुसऱ्या मताचा होतो. हल्ली नाही. कारण पुढचे सहा महिने. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर प्रकरणात पाचांतल्या चौघांनी, म्हणजे राय, बेग, चंद्रचूड आणि पी. एन. भगवती यांनी सांगितले की आणीबाणीत अटक झालेल्याला ती अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयात येता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट निकाल दिले होते. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि पुढे बेग यांना त्यांच्यावरून सरन्यायाधीश केले गेले. नोव्हेंबरमध्ये घटनेची चौकट सांभाळणारे हेच न्यायमूर्ती एप्रिलमध्ये त्या चौकटीतल्या माणसाला सांभाळू शकले नाहीत.

म्हणून या प्रकरणातून मी शिकतो ते इतकेच: न्यायालयाला आक्रमण ओळखता येते ते उघडे, ओरडणारे असेल तेव्हा. कलम ३२९-अ ओरडत होते. सहा ऑगस्टचा कायदा कुजबुजत आला आणि ‘सर्वांना लागू’ असा मुखवटा लावून आला. त्याला ओळखले नाही, की ओळखूनही जाऊ दिले, हे निकालपत्रे पुन्हा पुन्हा वाचूनही ठरवता येत नाही.

नंतर

१९७७ मध्ये रायबरेलीत राजनारायण पन्नास हजारांहून जास्त मतांनी जिंकले. ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३२९-अ पूर्ण वगळले. २० जून १९७९ पासून घटनेच्या पुस्तकात त्या जागी फक्त वगळल्याची नोंद आहे. बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असे लिहिले होते, ते १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात पडले. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश चंद्रचूडच. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचा ठरवला, आणि तो चुकीचा म्हणणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

सहा ऑगस्टच्या कायद्याने घातलेली उमेदवाराची व्याख्या मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्यात अजून जशीच्या तशी आहे. राजपत्रातली तारीख हा अंतिम पुरावा, हे स्पष्टीकरणही आहे. खर्चाचा हिशोबही नामनिर्देशनाच्या तारखेपासूनच सुरू होतो. आपल्या गावातल्या चौकात गणपतीपासून दिवाळीपर्यंत हात जोडून उभ्या असलेल्या ‘भावी आमदारां’चा फलक दिसला, तर एवढे ध्यानात असू द्या की कायद्याच्या लेखी ते अजून उमेदवार नाहीत.